मुक्ताच्या डोक्याचा हिवाळा

सप्टेंबर संपत आला की मला घरात बसवत नाही. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमधल्या बाकीच्या मराठी बायका या दिवसांत भोंडल्याचा हॉल मिळाला का, खिरापतीचं कोण बघतंय, यात गुंतलेल्या असतात. मीही असते, पण अर्धी. उरलेली अर्धी गराजमध्ये असते. काहीतरी कारण काढून मी तिथे जाते, पाने-पकडी लावते, सायकलचा पंप शोधते, मागच्या वर्षी आवरलेलं कपाट पुन्हा आवरते. कोपऱ्यात मुक्ताची जुनी हॉकीची बॅग उभी असते, आत एखादं मूल झोपेल एवढी मोठी. चेन बंद असली तरी तिचा वास येतो. ओलं रबर, आंबलेला घाम, आणि त्यावर मी कधीकाळी मारलेल्या लव्हेंडरच्या स्प्रेचा थर. स्प्रेने वास गेला नाही, फक्त एक वास वाढला. बॅग टाकून देत नाही म्हणून कोणी मला भावुक समजू नये. ती उचलून ड्राइव्हवेच्या टोकाशी न्यायला दोन माणसं लागतात, आणि कचऱ्याच्या दिवशी श्रीकांत नेमका मीटिंगमध्ये असतो. श्रीकांत म्हणजे माझा नवरा.

आमची मुलगी बर्फावरची हॉकी खेळते. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण सांगलीच्या माझ्या सासरच्यांना अजूनही ती गवतावर खेळते असं वाटतं. दर दिवाळीच्या फोनमध्ये श्रीकांतच्या आत्याबाई विचारतात, "तिकडे एवढं बर्फ पडतं, मग मुलं हॉकी खेळतात तरी कुठे?" मी पूर्वी समजावून सांगायचे. आता म्हणते, "जागा आहे, आत्या."

मुक्ता सध्या मॅडिसनला कॉलेजात आहे, गाडीने दोन-अडीच तासांवर. गेल्या आठवड्यात तिने घरच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली, की क्लबच्या टीममध्ये निवड झाली. श्रीकांतने फटाके, मुठी, लाल हृदयं असं सगळं दुकान पाठवलं. मी अंगठा पाठवला आणि गराजमध्ये गेले.

हे वेड आमच्या घरात नानामामांनी आणलं. ते श्रीकांतचे मामा, भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. सत्तरच्या दशकात शिकागोला आले तेव्हा हॉस्पिटलमधल्या एका सर्जनने त्यांना पहिल्याच हिवाळ्यात मॅचला नेलं. "मी सांगतो मेधा," ते मला म्हणायचे, "आपण लहानपणी कुस्ती बघितलेली माणसं. इथे बघतो तर काय, कुस्ती, पण पायाला सुऱ्या बांधून!" जुन्या स्टेडियममधला ऑर्गन, सिगारचा धूर, वरच्या बाकांवरून खाली ओतली जाणारी बिअर, याचं वर्णन ते असं करायचे की ऐकताना थंडी वाजायची. त्यांच्या त्या वर्णनातली खेळणारी माणसं डोक्यावर काही घालत नसत. तेल लावून भांग पाडून यायची. पक म्हणजे ती काळी रबरी चकती, दगडाइतकी टणक, आणि ती मोटारीच्या वेगाने येणार. तरी हेल्मेट घालणारा तो भित्रा. पुढचे दात गेलेले असले की पोरी मागे लागत, असं मामा सांगायचे. मामी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "तुमचे सगळे होते, म्हणूनच माझ्याशी लग्न करावं लागलं."

मामांनी मुक्ताला पहिल्यांदा स्केट्स घातले तेव्हा ती बालवाडीत होती. मला वाटलं पडेल, रडेल, संपेल. ती पडली, उठली, पुन्हा पडली, आणि घरी यायला तयार होईना. त्यानंतर आमच्या शनिवार-रविवारांचं काय झालं ते विचारू नका. पहाटे अंधारात गाडी काढायची, रिंकवर, म्हणजे छपराखालच्या बर्फाच्या मैदानावर पोचायचं, प्लॅस्टिकच्या कपातली कॉफी, मोजे घातलेल्या पायांनाही सोसवणार नाही अशी फरशी. बाहेर शून्याखाली आणि आत त्याहून गार. इतर मुली भरतनाट्यमच्या अरंगेत्रमची, पहिल्या जाहीर कार्यक्रमाची तयारी करत होत्या. मराठी मंडळातल्या बायका विचारायच्या, "मुलीच्या जातीला हे कसलं गं?" मी म्हणायचे, "तिला आवडतं."

माझं काम शॉमबर्गच्या एका कंपनीत माल वेळेवर पोचेल का हे बघण्याचं आहे. जहाज कुठे अडकलं, ट्रक कुठे थांबला, कुठला माल उशिरा येणार हे आधी ओळखायचं आणि त्याची सोय करायची. काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचा मला पगार मिळतो. म्हणून मुक्ताच्या खेळातले धोके मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुलींच्या हॉकीत अंगावर मुद्दाम आदळायला बंदी आहे, हे मी चौकशी करून घेतलं होतं. हेल्मेट, जाळी, दातांचं कव्हर, सगळं तपासून घेतलं होतं. आता तर लहान मुलांना गळ्याभोवती पट्टाही सक्तीचा झालाय, स्केटच्या पात्याने गळा कापू नये म्हणून. तेव्हा नव्हता. त्याचा विचार मी आजही पूर्ण करत नाही, अर्ध्यावर सोडते.

मला आठवतो तो हिवाळा मुक्ता नववीत असतानाचा.

त्या काळात आमच्या क्लबात सीझन सुरू व्हायच्या आधी सगळ्या मुलींची एक टेस्ट घेत. बेसलाइन टेस्ट. कंप्युटरवर शब्द दाखवतात, थोड्या वेळाने विचारतात कोणते होते. आकार दाखवतात. रंग बदलला की बटण दाबायचं, पटकन. धडधाकट असताना डोकं किती चालतं याची ती नोंद. पुढे कधी डोक्याला मार लागला तर पुन्हा तीच टेस्ट घ्यायची आणि आधीच्याशी ताडून बघायची. कल्पना सोपी आहे आणि शहाणी आहे. फक्त ती बनवणाऱ्यांनी श्रीकांतसारखा बाप बघितलेला नव्हता.

श्रीकांत चौथीच्या स्कॉलरशिपला सांगली जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत आला होता. तो इंजिनियर झाला, इथे आला, घर घेतलं, केस गेले, पण आतून तो अजून त्या स्कॉलरशिपच्या बाकावर बसलेला आहे. टेस्ट म्हटली की त्याची पाठ ताठ होते.

"किती मार्कांची आहे?" त्याने विचारलं.

"बाबा, इट्स नॉट लाइक दॅट," मुक्ता म्हणाली.

"सगळं लाइक दॅटच असतं."

मग रोज जेवण झालं की दोघं टेबलावर बसायचे. तो शब्द वाचून दाखवायचा आणि लक्षात ठेवण्याची आपली युक्ती शिकवायचा. सुटे शब्द पाठ करायचे नाहीत, त्यांची गोष्ट करायची. सैनिक, खिडकी, ढग, गाजर. "सैनिकाने खिडकीतून ढगाला गाजर दिलं!" मुक्ता ओरडायची. दोघं हसून लोळायचे. ढगाला गाजर देणाऱ्या सैनिकाचं पुढे लग्न झालं, त्याला कासव झालं, असं ते कुठल्या कुठे जायचं. रंग आणि बटणाची तयारी फोनवरच्या कुठल्या तरी खेळावर. मी भांडी डिशवॉशरला लावत ते ऐकायचे. बाप-लेक एकत्र बसून हसतायत, यात कोण काय वावगं बघणार?

मुक्ताला जे गुण पडले ते बघून क्लबच्या ट्रेनरने भुवया उंचावल्या. श्रीकांतने सांगलीच्या ग्रुपवर कळवलं. आत्याबाईंनी लगेच फोन केला, "अभिनंदन! मग आता मेडिकलला का?"

जानेवारीत ती मॅच झाली. आमच्याकडे आईबापांना मॅचमध्ये कामं वाटून दिलेली असतात. कोणी घड्याळ लावतं, कोणी गोल लिहितं. माझ्याकडे पेनल्टी बॉक्सचं दार होतं. नियम मोडणाऱ्या मुलीला शिक्षा म्हणून थोडा वेळ काचेच्या खोक्यात बसवतात, तिला आत घ्यायचं, वेळ संपली की दार उघडून सोडायचं. मला ते काम आवडायचं. बसून राहावं लागत नाही. खोक्यात आलेल्या मुली काय एकेक बोलतात तेही ऐकायला मिळायचं. एकीने मला विचारलं होतं, "तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?" मी म्हटलं, "दाराच्या."

मुक्ता कोपऱ्यात पकच्या मागे गेली. दुसऱ्या टीमची मुलगीही गेली. दोघींचे पाय अडकले, मुद्दाम कोणीच काही केलं नाही, आणि मुक्ताचं डोकं कडेच्या फळीवर आदळलं. आवाज मोठा नव्हता. रिकामा डबा टेबलावर ठेवल्यासारखा. ती लगेच उठली, हात वर करून सगळं ठीक आहे असं दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती सावकाश स्केट करत गेली आणि दुसऱ्या टीमच्या बाकावर जाऊन बसली.

लोक हसले. त्या बाकावरच्या मुलीही हसल्या, एकीने तिला जागा करून दिली. मुक्ताही हसली, सगळे हसतायत म्हणून. आमची कोच, तिचं नाव केली, ती मात्र हसली नाही. ती आमच्या बाकावरून फळीवर चढून सरळ बर्फावर उतरली, साध्या बुटांनी, घसरत. मी दार उघडं टाकून गेले. त्या खोक्यात कोणी बसलेलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

"तुझं नाव काय?" केलीने विचारलं.

"मुक्ता."

"आपण कुठे आहोत?"

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. वर्गात उत्तर येत नसलं की शेजारच्या मुलीकडे बघतात तसं. मग म्हणाली, "आय अ‍ॅम फाइन."

पुढचे दिवस आमच्या घरात पडदे ओढलेले होते. फोन नाही, टीव्ही नाही, पुस्तक नाही, शाळा नाही. डोक्याला काही काम द्यायचं नाही, असं डॉक्टरांचं सांगणं होतं. (आता म्हणे एवढा अंधार नको म्हणतात, थोडं चालायला-फिरायला सांगतात. सल्ले बदलतात, ज्यांची पोरं आधीच्या सल्ल्यात वाढली त्यांना कोणी फोन करून कळवत नाही.) ती पलंगावर पडलेली असायची, हुडी नाकापर्यंत ओढून. फ्रिज उघडला तरी त्या दिव्याने कळवळायची. कुकरची शिट्टी मी बंद केली, वरण पातेल्यात शिजवायला लागले. मंडळातल्या बायका डबे घेऊन यायच्या आणि दारातच कुजबुजायच्या, घरात कोणी गेल्यासारखं. मला त्या कुजबुजीचा राग यायचा. मी म्हणायचे, "नेहमीसारखं बोला, फक्त हळू." हे कोणालाच जमायचं नाही.

नानामामा डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून सुतरफेणी घेऊन आले आणि अंधारात तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसले. जुन्या मॅचच्या गोष्टी सांगत राहिले. कोण पडला, कोण रक्ताने माखलेला तसाच परत आला, डोक्याला मार लागला की ट्रेनर नाकाशी उग्र वासाची बाटली धरायचा आणि म्हणायचा, घंटा वाजली रे जरा, जा खेळ! मुक्ता अंधारात हसत होती. मला बरं वाटलं.

खाली येऊन त्यांनी चहा घेतला आणि जे वर सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं. त्या घंटा वाजलेल्यांपैकी एक, ज्याच्यासाठी मामा तरुणपणी घसा फोडून ओरडायचे, तो पुढे त्यांच्याच हॉस्पिटलात आला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. भूल द्यायच्या आधी मामा त्याच्याशी बोलायला गेले. पलंगाजवळ त्याची बायको बसली होती. तो मामांना हळूच म्हणाला, "डॉक्टर, ही बाई फार चांगली आहे. रोज येते. तिचं नाव विचारायला मला लाज वाटते."

"तेव्हा तो माझ्यापेक्षा लहान होता मेधा," मामा म्हणाले. कपातला चहा तसाच राहिला होता. "आणि मी या पोरीच्या पायात स्केट्स घातले."

"तुम्ही नसते घातले तर तिने स्वतः घातले असते," मी म्हटलं. खरं की खोटं मला माहीत नाही. चहा पुन्हा गरम करून दिला.

हळूहळू डोकेदुखी गेली. उजेड सोसायला लागला. मुक्ता कुरकुरायला लागली, म्हणजे बरी होतेय. मग टेस्ट घेतली. गुण खूप खाली. डॉक्टर म्हणाल्या, घाई नको, थांबू. पुन्हा घेतली. जवळजवळ तेवढेच. आमच्या डॉक्टर तरुण होत्या, स्पष्ट बोलायच्या, पण त्या दिवशी त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतला. आणखी एकदा घेतली. तेच. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की कधीकधी मेंदू पूर्वीच्या जागी परत येत नाही. हॉकीचा प्रश्न नंतरचा. शाळेत काय मदत लागेल ते आधी बघू.

मी ऑफिसात जात होते. एका जागी बसत नव्हते. कुठला कंटेनर कुठल्या बंदरात आहे हे विचारायला लोक माझ्या डेस्कशी यायचे तर मी जिन्यात. घरी मुक्ता समोर असली की मी तिच्याकडे बघत राहायचे. जिना उतरताना कठडा धरते का. वाक्य मध्येच सोडते का. मिठाची बरणी कुठे असते ते आठवतं का. चौदा वर्षांची मुलगी अशीही वाक्यं मध्येच सोडते, अशीही मीठ शोधत नाही.

"आई, स्टॉप स्टेअरिंग."

"बघत नाहीये."

"यू आर. तू परत बघतेयस. आय कॅन फील इट."

पुढच्या भेटीला श्रीकांतही आला. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. डॉक्टर पुढच्या तपासण्यांचं सांगत होत्या आणि मध्येच तो मुक्ताकडे वळून मराठीत, निकालाच्या दिवशी विचारावं तसा म्हणाला, "अगं, पण शब्दांची गोष्ट केली होतीस ना?"

"नो, बाबा."

"का?"

"तू प्रॅक्टिसच नाही घेतलीस. आय वॉज इन द डार्क, रिमेम्बर?"

डॉक्टरांनी विचारलं, कसली प्रॅक्टिस? श्रीकांतने सांगितलं. आधी थोड्या अभिमानानेच सांगायला लागला, सैनिक, ढग, गाजर, फोनवरचा बटणांचा खेळ. निम्म्यावर आल्यावर त्याचा आवाज हळू झाला. शेवटी तो टक्कल पुसायला लागला.

डॉक्टरांनी जुनी नोंद पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "टेस्टची तयारी करून घेतलीत?"

"टेस्ट होती ना," श्रीकांत म्हणाला.

मला हसू आलं. ते थांबेना. मुक्ताही हसायला लागली. डॉक्टरांच्या ओठांचा कोपरा हलला. म्हणजे पोरीचं डोकं कदाचित ठीक होतं! खाली आले होते ते बापाने फुगवलेले गुण. पार्किंग लॉटमध्ये श्रीकांत मला म्हणाला, "तू हसतेस, माझे पाय कापतायत." मी म्हटलं, "कापू देत. गाडी मी चालवते."

घराच्या रस्त्याला लागेपर्यंत माझं हसू संपलं होतं. निघताना डॉक्टर जे बोलल्या ते हळूहळू आत उतरत होतं. त्यांच्याकडे आता ताडून बघायला काहीच नव्हतं. मुक्ताचं धडधाकट डोकं खरोखर किती चालायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. तोल तपासता येईल, डोळे तपासता येतील, पण शेवटी ती काय सांगते त्यावरच जावं लागेल. आणि ती काय सांगत होती? आय अ‍ॅम फाइन. परक्या बाकावर बसूनही ती तेच म्हणाली होती.

आमच्या घरामागे एक तळं आहे. पूर्वी जानेवारीत ते असं घट्ट व्हायचं की पोरं दिवसभर त्यावर खेळायची, फावड्याने बर्फ बाजूला सारून, बुटांचे गोलपोस्ट करून. काठावरच्या पाटीवर हिरवं लागलं की उतरायचं, लाल असलं की नाही. अलीकडे ती पाटी बहुतेक लालच असते. हिवाळा येतो, पण पूर्वीसारखा टिकत नाही. हा खेळ पुढे छपराखालीच उरेल, असं लोक म्हणतात. हेल्मेटात यंत्रं बसतील, किती जोराचा मार बसला ते आपोआप कळेल, असंही म्हणतात. बायकांची आता व्यावसायिक टीम असते, मुली टीव्हीवर बघून तसे केस बांधतात. सगळं खरं असेल. त्या हिवाळ्यात मी खिडकीत उभी राहून त्या पाटीकडे बघायचे. बर्फाची जाडी मोजायला माणूस येतो, भोक पाडतो, पट्टी घालतो, जातो. तेवढं सोपं कुठे काही नव्हतं.

मुक्ताला फक्त बाकावर बसायची परवानगी होती तेव्हा एका संध्याकाळी प्रॅक्टिसला केली माझ्याशेजारी येऊन बसली. तिशीतली मुलगी, छपराखालीही टोपीची कड डोळ्यांवर ओढलेली. मला वाटायचं स्टाइल असेल. ती म्हणाली, तिला रिंकचे दिवे सोसत नाहीत. कॉलेजात खेळत असताना डोक्याला मार लागत गेला आणि ती सगळ्यांना ठीक आहे, ठीक आहे म्हणत राहिली.

"खोटं बोलत होतीस?" मी विचारलं. मला आडवळणाने विचारता येत नाही.

"नाही," ती म्हणाली. "तेच तर. मला खरंच ठीक वाटायचं."

बर्फावर मुली गोल फिरत होत्या, पात्यांचा खरखर आवाज येत होता. ज्या डोक्याला मार लागलाय त्यालाच विचारायचं, तुला मार लागलाय का. आणि ते सांगेल त्यावर चालायचं. मालाच्या बाबतीत असा अहवाल कोणी माझ्याकडे आणला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं.

घरी जाताना गाडीत मी मुक्ताला केली काय म्हणाली ते सांगितलं. नानामामांच्या त्या पेशंटचंही सांगितलं, तो बायकोचं नाव विसरल्याच्या गोष्टीसकट. मामांनी सांगू नको म्हटलं नव्हतं. श्रीकांत नंतर चिडला, "लहान आहे ती, मेधा!" असेल. पण डोकं तिचं होतं.

मुक्ता खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "सो व्हॉट अ‍ॅम आय सपोझ्ड टू डू?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"यू ऑलवेज नो."

"यात नाही."

मार्चपर्यंत ती पायरीपायरीने परत आली. आधी नुसतं स्केटिंग, मग पक घेऊन, मग बाकीच्यांबरोबर. डॉक्टरांनी सगळं तपासून परवानगी दिली. सीझनची शेवटची स्पर्धा होती, उपांत्य सामना, शॉमबर्गजवळच्या रिंकवर. दाराचं काम मी दुसऱ्या कोणाला तरी दिलं होतं आणि त्याचा मला पश्चात्ताप होत होता, कारण बसावं लागत होतं. श्रीकांत माझा हात धरून होता. मामा ब्लँकेट गुंडाळून खाली रेलिंगशी.

मुक्ता चांगली खेळत होती. मला खेळातलं फार कळत नाही, पण पोर मोकळी आहे की आखडलेली एवढं कळतं. ती मोकळी होती. शेवटच्या भागात बरोबरी झाली. हॉकीत खेळाडू सारखे बदलतात, मिनिटभर खेळायचं, बाकावर यायचं, दम घेऊन पुन्हा जायचं. मुक्ता कडेला एकीच्या खांद्याला घासून पडली, मांडीवर. डोकं कुठेही लागलं नाही, मी डोळे फाडून बघत होते. उठली, बाकावर गेली. तिची पुढची पाळी आली. मुली फळीवरून उड्या टाकून बर्फावर गेल्या. ती गेली नाही.

ती केलीशी काहीतरी बोलली. केली खाली वाकली, ऐकलं, ट्रेनरला हात केला. मुक्ताने हेल्मेट काढलं आणि मांडीवर घेऊन बसली. स्टँडकडे एकदाही बघितलं नाही. तिच्या जागी दुसरी गेली, दमलेली. थोड्या वेळाने समोरच्यांनी गोल केला आणि मॅच संपली.

गाडीत श्रीकांतला राहवेना.

"डोकं दुखत होतं?"

"नो."

"चक्कर?"

"नो, बाबा."

"मग बसलीस का गं? बरोबरी होती!"

"आय नो. आय वॉज देअर."

मग ती मराठीत बोलली. मराठीत ती फक्त तेव्हाच बोलते जेव्हा तिला आम्ही मध्ये बोलायला नको असतो.

"मला काय होतंय ते मला कळत नव्हतं. काही होत नसेल पण. पण मला कळत नव्हतं. म्हणून बसले."

काही झालेलं नव्हतं. ट्रेनरने बघितलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बघितलं, मुक्ता ठणठणीत होती. म्हणजे ती खेळली असती तरी चाललं असतं, कदाचित जिंकलीही असती. हे कळल्यावर ती आमच्याशी धड बोलेना. टीममधल्या एका मुलीने तिला टेक्स्ट केला होता, तो तिने मला दाखवला नाही. तिचा चेहरा बघून मी विचारलंही नाही. कोणी तिची पाठ थोपटली नाही. केलीने फोन करून एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी येतेयस ना?"

पुढच्या वर्षी मी तिला पाठवलं ते तिच्या त्या बसण्याच्या भरवशावर. हेल्मेटच्या नाही, परवानगीच्या नाही. तेवढा भरवसा पुरेसा आहे का, मला माहीत नाही. त्याच्यापेक्षा जास्त कोणाकडे नाही, एवढं माहीत आहे.

आता ती तिकडे आहे आणि मी इकडे. दर मॅचनंतर मी फोन करते. किती गोल झाले ते श्रीकांत विचारतो, डोकं कसं आहे ते मी विचारते. बहुतेक वेळा ती वैतागून म्हणते, "आई, मस्त आहे." मग मी जेवते. पण कधीतरी, वर्षातून एखाददुसऱ्या वेळी, ती म्हणते, "माहीत नाही गं. आज बसले मी. उद्या सांगते."

त्या रात्री मला झोप लागत नाही. खाली येते, दिवे लावते, नको ती कपाटं आवरते. श्रीकांत वरून विचारतो, काय झालं? काही नाही म्हणते. आणि खरंच काही झालेलं नसतं. पण तिचं ते 'माहीत नाही' यायचं थांबलं, नुसतं मस्त आहे, मस्त आहे येत राहिलं, तर मी त्याच दिवशी गाडी काढून मॅडिसनला जाईन.